पाय लागलेलं पीक

आमच्याकडे ज्वारीच्या दाण्याला पाय लागला तर माणूस वाकतो, दाण्याला बोटं लावतो आणि ती कपाळाला नेतो. पुस्तकाला पाय लागला तरी तेच. कापसाला मात्र पाय मुद्दाम लावतात. बंडीत कापूस भरताना दोघं-तिघं वर चढतात आणि तो तुडवून तुडवून दाबतात. मोकळा भरला तर बंडी डोंगराएवढी दिसते आणि वजन काहीच भरत नाही. लहानपणी हे काम आम्हा भावंडांचं. मांड्यांपर्यंत रुतून आम्ही कापसात नाचायचो आणि बाबा खालून ओरडायचे, "कोपरे दाबा रे, कोपरे!" त्याच बंडीच्या पैशातून जूनमध्ये वह्यापुस्तकं यायची. त्या पुस्तकांना चुकून पाय लागला की पाठीत धपाटा.

ज्याच्या पैशावर पुस्तक आलं ते पायाखाली आणि पुस्तक कपाळाला. यात काही चुकतंय का, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला, तोही चित्र काढताना.

मी धामणगाव बढ्याचा. तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा; एका अंगाला मलकापूरचं स्टेशन, दुसऱ्या अंगाला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये काळी जमीन. घरची सात एकर कोरडवाहू. तिच्यावर मी औरंगाबादला ए.टी.डी. केलं आणि जन्मभर चित्रकलेचा मास्तर राहिलो, मधला भाऊ शेगावला इंजिनियर झाला, बहीण अकोल्याला नर्सिंग शिकली. मधल्याच्या मुलानं पुण्यात घर घेतलं तेव्हा म्हणाला, "काका, हॉलमध्ये लावायला कपाशीचं मोठं चित्र काढून द्या. आपण सगळे तिच्यावरच शिकलो ना." पोरगा कधी डवऱ्यामागे चालला नाही, पण त्याला हे सुचलं. मी चार फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास ताणला आणि तैलरंगात एकच झाड काढलं. दिवाळीच्या आसपासच्या झाडावर सगळं एकदम सापडतं: शेंड्याला पाती, त्याखाली पिवळसर फूल, कालचं गुलाबी पडलेलं फूल, हिरवी बोंडं आणि त्यांच्याखाली उकललेला कापूस. एवढी वयं एकत्र अंगावर वागवणारं दुसरं पीक आमच्या शिवारात नाही.

तैलरंग वाळायला वेळ घेतो, म्हणून चित्र बरेच दिवस गावच्या घरातच ओट्यावर उभं होतं. माय नव्वदीला टेकली आहे. तिनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ह्याले कुंकू लावू का?" मी म्हटलं रंग ओला आहे. मग तिनं चौकटीच्या लाकडाला बोट टेकवलं. तो ठिपका मी पुसलेला नाही. मधला सुट्टीवर आला होता, तो बघून हसला. "माय, हे कॅश क्रॉप आहे. देव नाही."

इथून वाद सुरू झाला आणि तो अजून चालू आहे.

मधल्याचं म्हणणं वरवर वाटतं तितकं हलकं नाही. पूजा अन्नाची होते. तैत्तिरीय उपनिषदात भृगू बापाकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म म्हणजे काय विचारतो. बाप थेट उत्तर देत नाही, तप कर म्हणतो. भृगू परत येतो तेव्हा पहिलं उत्तर आणतो ते अन्न. पुढे प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्या तो चढत जातो, पण सुरुवात अन्नापासून, आणि अन्नाची निंदा करायची नाही असं व्रतही तिथेच सांगितलेलं आहे. आमच्या जिल्ह्यात तर याचा दाखला घराघरांत सांगतात. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. म्हणजे दाण्याचं पावित्र्य उकिरड्यावरही टिकतं. कापूस खाता येत नाही. सरकीचं तेल निघतं आणि ढेप म्हशीला घालतात, तेवढाच त्याचा अन्नाशी संबंध.

मायची बाजूही काही कच्ची नाही. देवाला वस्त्रमाळ कशाची? निरांजनातली वात कशाची? देव कापूस नेसतो आणि देवापुढे कापूसच जळतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला जी घटमांडणी होते, तिच्या घटाभोवती अठरा धान्यं मांडतात, त्यांत सरकीही असते. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा हलला, कोणता जागचा जागी राहिला, ते बघून साल कसं जाईल ते सांगतात. गंमत अशी की तिथे कापसाला प्रश्न विचारतात. आभार कोणी मानत नाही. आभाराच्या जवळ जाणारं आमच्याकडे एकच आहे, सीतादही. पहिल्या वेचणीआधी बायका शेतात जाऊन कपाशीला हळदकुंकू वाहतात, दहीभात ठेवतात. माय त्या दिवशीचा मूठभर कापूस वेगळा आणायची आणि दिवाळीच्या वाती त्याच्या करायची. बाकी सगळा विकायचा.

माझ्या मते खरी अडचण "सगळा विकायचा" याच शब्दांत आहे. ज्वारी घरात राहते. कणगीत दिसते, भाकरीत दिसते, पेरणीला पुन्हा बाहेर निघते. तिची पूजा करायला ती जवळ असते. कापसाचं मोल तो घरातून गेल्यावरच ठरतं. घरात उरलेला कापूस म्हणजे संकट: खाज, किडे, आगीची भीती. आमच्या ओसरीत तो छपरापर्यंत भरलेला असायचा आणि आम्ही त्यावर झोपायचो, पण सगळ्यांचं लक्ष तो कधी जाईल इकडे. मग एक दिवस बंडी निघायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या जागी भावाची फी भरल्याची पावती घरात असायची. जे जाण्यासाठीच आलं होतं, त्याला नमस्कार कुठे उभं राहून करायचा?

त्या काळात महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. १९७१ चा कायदा आणि त्यानंतरच्या हंगामापासून अंमल: कापूस सरकारी योजनेलाच घालायचा, व्यापाऱ्याला नाही, आणि पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. त्या पैशाला आमच्याकडे चुकारा म्हणतात. बाबा चौथी शिकलेले. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. डाव्या पानावर क्विंटल, ग्रेड, चुकारा. उजव्या पानावर खत, बी, मजुरी आणि "पोरं". शेवटच्या रकान्याला त्यांनी आमची नावं कधी दिली नाहीत. "पोरं — हॉस्टेल", "पोरं — ड्रॉइंगचं सामान". माझे कॅम्लिनचे रंग त्या वहीत युरियाच्या खाली आहेत. वाण होतं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं ४६८. माझ्या चित्रातलं झाडही तेच, उंच आणि पसरट.

भावाचं कॉलेज शेगावचं, गजानन महाराजांच्या नावाचं, १९८३ साली निघालेलं. आता बघा, संस्थानचं कॉलेज उभं राहिलं भक्तांच्या आधारावर, आणि वऱ्हाडातला भक्त दानपेटीत जे टाकतो ते बहुतेक कापसाचंच असतं. त्या कॉलेजात बाबांनी फी भरली तीही कापसाचीच. असा कापूस दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचला: एकदा देवाच्या हातून, एकदा बापाच्या. हे मी मधल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मग दानपेटीचं चित्र काढ."

त्याचा खरा आक्षेप मात्र पुढे आला, आणि तो ऐकून मी चार दिवस कुंचला हातात धरला नाही. तो म्हणाला, "आपल्याला शिकवलं म्हणून तू कपाशीचं चित्र काढतोस. आपल्याच गल्लीत ज्याच्या हातात कर्जाचा कागद आणि ओसरीत कवडी कापूस राहिला, त्याच्या घरच्यांनी कुठलं चित्र लावायचं?" २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ, वर्धा यांच्या रांगेत बुलढाणाही होता. सहाही जिल्हे कापसाचे.

मी म्हटलं, ती कपाशीची चूक नाही. भावाची, कर्जाची, पावसाची, बोंडअळीची. २०२५ सालचंच बघ, लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. झाडाला यातलं काय कळतं? तो म्हणाला, "वा! म्हणजे पोरं शिकली ती कपाशीमुळे आणि माणूस मेला तो भावामुळे."

माणूस देवाच्या बाबतीत हीच पळवाट काढत आला आहे. पाऊस पडला तर त्याची कृपा, नाही पडला तर आमचं कर्म. मी सश्रद्ध माणूस आहे, शेगावला जातो, तरी हे मला कधी पटलं नव्हतं. आणि आता मी स्वतःच एका झाडासाठी तोच वकिली कावा करत होतो. श्रेय द्यायचं असेल तर दोषही त्याच्याच पदरात पडतो. दोष द्यायचा नसेल, कारण झाडाला इच्छा नाही, हेतू नाही, तर श्रेय तरी कशाचं?

यावर मला सुचलेलं उत्तर बुद्धाच्या परंपरेतलं आहे. बोधी मिळाल्यावर गौतम बुद्ध एक आठवडा त्या पिंपळाकडे पापणी न लववता पाहत राहिले, असं सांगतात. त्या झाडानं काय केलं होतं? सावली दिली, तीही त्यांच्यासाठी म्हणून नाही. कोणीही बसलं असतं तरी दिली असती. तरीही त्यांनी ते पाहणं आवश्यक मानलं. तिथे फूल नाही, मंत्र नाही, मागणं तर नाहीच. झाडाचं श्रेय किती आणि दोष किती, याचा हिशेबही नाही. फक्त आपण कशाला टेकून बसलो होतो ते नीट बघणं. चित्रकाराला हे लवकर कळतं, कारण महिनाभर एका बोंडाकडे बघितल्याशिवाय ते काढता येत नाही. लहानपणी आम्ही कपाशीत राहिलो, पण तिच्याकडे बघितलं नव्हतं. ती काम होती. चौकटीवरच्या कुंकवाला म्हणूनच माझी ना नाही, पण माझ्या बाजूनं पूजा म्हणायची तर ती या बघण्यात झाली.

मधल्याला हे पटलं असं नाही. "बघून फिटतं का?" म्हणाला. फिटण्याचा शब्द त्यानं काढला आणि वाद ऋणावर गेला.

तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत: ऋषींचं ब्रह्मचर्यानं, म्हणजे अध्ययनानं फेडायचं, देवांचं यज्ञानं, पितरांचं संततीनं. शतपथ ब्राह्मणात चौथं येतं, माणसांचं. ते आदरातिथ्यानं फेडायचं. यादी सुंदर आहे. पण शिकण्यानं गुरूंचं ऋण फिटतं म्हणताना, शिकत असताना ज्यानं पोसलं त्याचा रकाना तिथे नाही. तो बाबांच्या वहीत आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमकी हीच जागा दाखवली: सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर. पुढच्याच वर्षी लिहून पुरं झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या साऱ्या दैन्याचं मूळ विद्या नसण्यात शोधलं. पंजाबराव देशमुख वेदवाङ्मयातल्या धर्मावर विलायतेत प्रबंध लिहून आले. ऋणांची ती यादी त्यांना आमच्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. परत येऊन या माणसानं १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभारला आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. लेकरं शिकवा म्हणून सांगत फिरणाऱ्या गाडगेबाबांना माझं चित्र दाखवलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, या कापडाला आणि रंगाला किती पैसे पडले, आणि तेवढ्यात किती लेकरांची पाटी झाली असती. मी त्यांना काय उत्तर दिलं असतं ते मला सुचत नाही. पण त्यांच्या पद्धतीनं फेडायला गेलं तरी प्रश्न उरतोच: फेडायचं कोणाला?

इथे मला दोन परदेशी चित्रं मदतीला येतात. दोन्ही मी पुस्तकांतच पाहिली आहेत. एडगर देगानं १८७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आपल्या मामाच्या कापसाच्या पेढीचं चित्र काढलं. काळ्या कोटातली माणसं, कोणी पेपर वाचतंय, कोणी वहीत डोकं घालून बसलंय, मधल्या टेबलावर पांढरा कापूस पसरलेला. म्हातारा मामा बोटांनी धागा ताणून बघतोय. देगाचे दोघे भाऊही चित्रात आहेत. हेही एका घराचं, त्या घराला पोसणाऱ्या पिकाचं चित्र; फक्त त्यात झाड नाही आणि वेचणारं कोणी नाही. तीनच वर्षांनी, १८७६ साली, विन्सलो होमरनं दोन कृष्णवर्णीय बायका कमरेएवढ्या कपाशीत उभ्या केल्या. एकीच्या हातात टोपली, दुसरी मान वर करून लांब कुठेतरी बघते. गुलामी कायद्यानं संपलेली, कपाशी तीच, वेचणारे हात तेच. आणि हे दूरचं मुळीच नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना म्हणून इंग्रजांनी वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे डोळे लावले. मुख्य रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला भिडली, आणि १८७० साली व्हाइसरॉय मेयोनं येऊन जलंब-खामगाव फाटा उघडला, तो खामगावच्या कापसासाठी. आमच्या सात एकरांत ज्वारीच्या जागी कपाशी शिरली ती या ओढीनं. म्हणजे बाबांच्या वहीतल्या "पोरं"च्या रकान्यामागे त्या दोन बायकाही कुठेतरी उभ्या आहेत.

देगाच्या चित्राला मी नावं ठेवत होतो आणि माझ्या कॅनव्हासवर तरी कोण होतं? एक झाड. सात एकरांचा कापूस आमच्या एकट्या घरानं कधी वेचलेला नाही. वेचणीला बायका यायच्या, सकाळी ओटी बांधून, संध्याकाळी गाठोडं काट्याला लावून, किलोवर मजुरी घेऊन. वहीच्या उजव्या पानावर त्यांची नावं नाहीत. आमचीही नव्हती, पण आमचं "पोरं" होतं, त्यांचं "मजुरी".

त्यांच्यातल्या एक मावशी चित्र बघायला आल्या. बुद्धविहाराच्या बाजूला राहतात, आता वेचणीला जात नाहीत. त्यांनी हात जोडले नाहीत. जवळ आल्या, वाकल्या, खालच्या फांद्या बघितल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ही दुसरी येचनी ना? खालच्या नख्या रिकाम्या हायेत." बरोबर होतं. कपाशी खालून वर उकलत जाते. पहिल्या वेचणीत खालची बोंडं निघून जातात, वाळलेल्या टोकदार नख्या मागे राहतात आणि दुसऱ्या वेचणीला त्याच बोटांत घुसतात. ते झाड दुसऱ्या वेचणीचं आहे हे कोणीही ओळखलं नव्हतं. पुतण्यानं नाही, मधल्यानं नाही, मायनंही नाही. या मावशींची लेक आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती आमच्याच धुऱ्यावर सावलीत बसून पाढे म्हणायची. एकाच कापसानं दोन घरांतली पोरं शिकली. आमची क्विंटलवर, तिची किलोवर.

चित्र आता पुण्यात लागलं आहे. पुतण्याला खाली पितळी पट्टीवर "कृतज्ञता" असं काहीतरी हवं होतं; मी नको म्हटलं आणि मागच्या बाजूला वाण, शिवाराचं नाव आणि "दुसरी वेचणी" एवढंच लिहून दिलं. सध्या दुसरं सुरू केलं आहे, संध्याकाळच्या काट्याचं: गाठोडी, रांगेतल्या बायका, वही घेतलेले बाबा. पुतण्या म्हणतो हे हॉलमध्ये जरा जड होईल. मधला म्हणतो आता कुठे चित्र झालं. मावशींना मी कच्चं रेखाटन दाखवलं. त्यांनी स्वतःला लगेच ओळखलं, लुगड्याचा रंग चुकीचा आहे म्हणाल्या, आणि मग काट्यावर बोट ठेवून बजावलं, "हा आकडा वाचता आला पाह्यजे, गुरुजी. नुस्ता गोल नका काढू."